रिपोर्ट शुक्रवारी, डॉक्टर मंगळवारी

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची नेहमीची रांग आणि त्या रांगेत अडकलेली माझी कॅब. फोन वाजला. शुक्रवारी सव्वासहाला कोण असणार, बॉसच! पण नाही, लॅबची पीडीएफ होती. पासवर्ड टाकला, दोन पानं उघडली. वरती माझं नाव, वय ३३, आणि खाली बारीक अक्षरातलं जे काही होतं त्यातले मला कळलेले शब्द फक्त दोन : 'हाय ग्रेड'.

आयुष्यभर हाय ग्रेडच्या मागे धावले. शाळेत, कॉलेजात, मग दर मार्चमध्ये अप्रेझलला. नको असलेला असा हा पहिलाच.

क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ''मॅडम, कॅन्सरवाले सर मंगळवारी बसतात. अकराला या. येताना रिपोर्ट आणा हं.'' कॅन्सरवाले सर. तिने हे इतक्या सहज सांगितलं, जणू 'प्लंबर मंगळवारी येतो' असं सांगतेय. पुढचे सिग्नल कधी गेले, वाकड कधी आलं, काही आठवत नाही.

शुक्रवार ते मंगळवार म्हणजे चार रात्री. आजचा कॉलम त्या चार रात्रींवर. या कॉलममध्ये आपण एरवी बॉस, ईएमआय आणि वीकेण्डला पाहुणे यांच्यावर बोलतो, त्यामुळे विषय जरा जड वाटेल. पण माझ्याच फ्लोअरवर विचारलं तर आणखी दोघी निघाल्या. एकीने रिपोर्ट तीन महिने ड्रॉवरमध्ये ठेवला होता. भीतीने. म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागे जाऊ. ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपच्या फॉर्मवर 'पॅप स्मिअर' असा एक चौकोन होता, पुढे 'ऑप्शनल'. फुकट आहे ना, मग टिक करा, या अस्सल पुणेरी तत्त्वावर मी टिक केलं. लहानशा ब्रशने गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतल्या, अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्यात काहीतरी वेगळं दिसलं म्हणून गायनॅक म्हणाल्या, कॉल्पोस्कोपी करू. नाव भयानक, पण प्रकरण साधं. दुर्बिणीसारखं एक यंत्र, तेही शरीराच्या बाहेरच राहतं. व्हिनेगरच्याच जातीचं पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, एक मिनिट थांबतात, आणि संशयाच्या जागा पांढऱ्या दिसायला लागतात. तिथून तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन तुकडे चिमट्याने घेतले. पाळीच्या पहिल्या दिवशी एखादी जोरदार कळ यावी, तसं झालं. नंतर दोन दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जात होतं. रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचा तो रंग. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. (जास्त रक्त, ताप किंवा घाण वास आला तर मात्र वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.)

तर, शुक्रवारची रात्र. नवरा बंगलोरला, शनिवारी दुपारी येणार. मी आणि गूगल, आम्ही दोघंच. रात्री दोनपर्यंत मी जगातल्या सगळ्या सर्व्हायव्हल रेटचे आकडे वाचले. गूगलला आपलं वय माहीत असतं, आपल्याला कोणत्या चपला आवडतात तेही माहीत असतं, पण आपला रिपोर्ट माहीत नसतो. रिपोर्टमध्ये 'मेटाप्लेजिया' हा शब्द होता. मी तो 'मेटास्टॅसिस' समजून वाचत होते. रडून झालं. नॉमिनी कोण आहे तेही पीएफच्या साइटवर बघून झालं.

शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती नागपूरला पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर असेच तुकडे मायक्रोस्कोपखाली बघत असते. रिपोर्ट पाठवला. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाली, ''ए बाई, आधी चहा ठेव. मग कागद हातात घे. आणि खालून वर वाच.''

खालून का? कारण रिपोर्टमध्ये सगळ्यात वर असतं 'ग्रॉस', म्हणजे तुकडा नुसत्या डोळ्यांना कसा दिसला. माझ्यात लिहिलं होतं, करड्या-पांढऱ्या मऊ टिश्यूचे तीन तुकडे, सगळ्यात मोठा ०.४ सेंटिमीटर. रात्रभर मला त्या 'करड्या'ने छळलं होतं. ''अगं, फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की सगळंच करडं दिसतं. तुझं नाक टाकलं तरी करडंच दिसेल.'' त्याखाली 'मायक्रोस्कोपी', म्हणजे मायक्रोस्कोपखाली काय काय दिसलं त्याचं वर्णन. हे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं, आपल्यासाठी नसतंच. आणि सगळ्यात शेवटी 'इम्प्रेशन' किंवा 'डायग्नोसिस'. निकाल तिथे. माझा निकाल होता : 'हाय ग्रेड स्क्वेमस इंट्राएपिथेलियल लीजन, सीआयएन २. स्ट्रोमल इन्व्हेजन दिसत नाही.'

ती म्हणाली, ''शेवटचं वाक्य मोठ्याने वाच.'' वाचलं. ''परत वाच.'' परत वाचलं. ''या तुकड्यांमध्ये कॅन्सर नाहीये. आता चहा पी.''

मग तिने मला जे समजावलं ते मी पेपर नॅपकिनवर लिहून घेतलं. तो नॅपकिन अजून आहे.

गर्भाशयाच्या तोंडावर पेशींचं एक अस्तर असतं, अनेक थरांचं. तीन मजल्यांची चाळ म्हणा हवं तर. नवीन पेशी तळमजल्यावर जन्माला येतात, हळूहळू वरच्या मजल्यावर सरकतात, सरकता सरकता मोठ्या आणि चपट्या होतात, आणि गच्चीवर पोचल्या की गळून पडतात. पॅप स्मिअर म्हणजे गेटपाशी उभं राहून बाहेर पडणारी माणसं बघणं. त्यावरून आत काहीतरी गडबड आहे एवढं कळतं. बायॉप्सी म्हणजे आत शिरून मजल्यामजल्यावर डोकावणं. म्हणून पॅपवर कोणी निदान करत नाही आणि बायॉप्सीशिवाय सहसा कोणी ट्रीटमेंट ठरवत नाही.

बिघडलेल्या पेशी, म्हणजे ज्यांचं केंद्रक मोठं, काळपट, वेडंवाकडं झालंय आणि ज्या वर सरकूनही मोठ्या व्हायचं नाव घेत नाहीत, त्या फक्त खालच्या एक तृतीयांशात असतील तर सीआयएन १. दोन तृतीयांशापर्यंत पोचल्या तर सीआयएन २. त्याच्याही वर, पार गच्चीपर्यंत, तर सीआयएन ३. आणि चाळीला एक जोतं असतं. बेसमेंट मेम्ब्रेन. जोवर सगळा दंगा जोत्याच्या वर आहे, तोवर तो 'इंट्राएपिथेलियल', म्हणजे अस्तराच्या आतला. जोतं फोडून पेशी खाली उतरल्या की त्याला म्हणायचं इन्व्हेजन, आणि तिथून पुढे कॅन्सर. रात्रभर मी 'हाय ग्रेड'वर अडकले होते. 'इंट्रा' हे साडेतीन अक्षरांचं पिल्लू मी वाचलंच नव्हतं.

आणि तो मेटाप्लेजिया? काहीच नाही. गर्भाशयाच्या तोंडावर दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. आतल्या बाजूला उंच, बाहेरच्या बाजूला चपट्या. सीमेवर एका प्रकारच्या पेशी दुसऱ्या प्रकारच्या होत राहतात. हे जवळजवळ प्रत्येकीत होतं, ते नॉर्मल आहे. फक्त ही सीमेची पट्टीच विषाणूची आवडती जागा, म्हणून डॉक्टर नेमकी तीच बघतात. तिला ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात. 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस' म्हणजे जुनी सूज, दहातल्या कितीतरी रिपोर्टमध्ये सापडते, त्याने दचकायचं नाही. 'कॉइलोसाइट' म्हणजे केंद्रकाभोवती पोकळ वलय असलेली पेशी. ही विषाणूची सही.

एकाच गोष्टीला दोन-दोन नावं का, असा मला प्रश्न पडला. त्याचं उत्तर इतिहासात आहे. सीआयएन ही भाषा १९६०च्या दशकातली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी ठरवलं की तीन पायऱ्यांपेक्षा दोनच बऱ्या, लो ग्रेड आणि हाय ग्रेड. सीआयएन १ लो, आणि २ व ३ दोन्ही हाय. म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. पण यात एक गोची आहे. 'हाय ग्रेड' नावाच्या एकाच डब्यात दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी बसवल्या आहेत. त्यामुळे हाय ग्रेड वाचून थांबू नका, पुढचा आकडा शोधा. तो नसेल तर डॉक्टरांना विचारा, दोन की तीन?

त्यातही 'दोन' हा जरा भोंगळच प्रकार. मैत्रिणीने प्रामाणिकपणे सांगितलं, ''एक आणि तीनवर आमचं बऱ्यापैकी एकमत होतं. दोनवर भांडणं. एकच स्लाइड मी बघितली तर दोन म्हणेन, शेजारचा एक म्हणेल.'' म्हणून अशा वेळी पी-१६ नावाचं एक जास्तीचं स्टेनिंग करतात. ते ठळक आणि सलग पॉझिटिव्ह आलं तर बाजू हाय ग्रेडकडे झुकते. माझ्या रिपोर्टमध्ये ते केलेलं होतं, आलंही होतं पॉझिटिव्ह. मला वाटलं होतं पॉझिटिव्ह म्हणजे एड्सबिड्सची टेस्ट केली की काय! तर तसं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पुढे काय होतं? सीआयएन १ बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, म्हणून त्याला सहसा हात लावत नाहीत, नजर ठेवतात. सीआयएन २ बद्दल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला होता. ट्रीटमेंट न करता दोन वर्षं नुसतं लक्ष ठेवलं तर साधारण निम्म्या जणींचा प्रकार मागे फिरला, सुमारे एक तृतीयांश जणींचा तिथेच राहिला आणि पाचातल्या एकीपेक्षा कमी जणींचा सीआयएन ३ किंवा त्यापुढे गेला. निम्मा! रात्री दोनपर्यंत जागून मला हा आकडा सापडला नव्हता, कारण मी 'कॅन्सर' असं टाइप करून शोधत होते.

सीआयएन ३ ची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती आपल्याला कळली ती एका वाईट मार्गाने. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात एका डॉक्टरांचं ठाम मत होतं की हे प्रकरण कॅन्सरपर्यंत जात नाही. १९६६ पासून त्यांनी बऱ्याच जणींवर पुरेशी ट्रीटमेंट न करता नुसतं लक्ष ठेवलं. बायकांना हे सांगितलेलंच नव्हतं. १९८७ मध्ये 'मेट्रो' नावाच्या मासिकात सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी ते उघड केलं, चौकशी बसली, आणि १९८८ मध्ये अहवाल आला. (मासिकात, बरं का! आमच्यासारख्या गुळगुळीत कागदावर लिहिणाऱ्यांनीही कधीकधी कामाचं लिहिलेलं असतं.) त्या बायकांच्या नोंदींचा पुढे नीट अभ्यास झाला तेव्हा दिसलं, ज्यांची ट्रीटमेंट अपुरी राहिली त्यांच्यातल्या साधारण तीस टक्के जणींना तीस वर्षांत कॅन्सर झाला. याचे दोन अर्थ निघतात. सीआयएन ३ असेल तर 'बघू नंतर' नाही, काढून टाकायचा. आणि दुसरा अर्थ, हे सगळं वर्षांच्या हिशोबात चालतं. शुक्रवार ते मंगळवार या चार दिवसांत काहीही होत नाही. मला हा दुसरा अर्थ जास्त हवा होता.

(सगळे रिपोर्ट माझ्यासारखे नसतात, हेही सांगायला हवं. 'एडेनोकार्सिनोमा इन सिटू' किंवा 'ग्लँड्युलर' असं काही असेल तर ते आतल्या उंच पेशींचं दुखणं, त्याचे नियम वेगळे आणि कडक. 'इन्व्हेजिव्ह', 'मायक्रोइन्व्हेजन' किंवा 'कार्सिनोमा' हे शब्द असतील तर कॉलम वाचत बसू नका, तारीख अलीकडे ओढून घ्या. आणि 'टिश्यू अपुरा' असं असेल तर त्याचा अर्थ नॉर्मल असा होत नाही, परत तुकडा द्यावा लागू शकतो. हा वैताग खरा आहे, पण द्या.)

शनिवारी दुपारी नवरा आला. मी त्याला नॅपकिन दाखवून चाळ, गच्ची, जोतं सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. चहा केला. रात्री जेवताना, भाकरीचा तुकडा हातात धरून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, ''पण हे... येतं कुठून?''

बघा, हा प्रश्न बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये कुठेच छापलेला नसतो, पण प्रत्येक घरात तो रिपोर्टच्या मागून येतो. उत्तर एका ओळीचं आहे : एचपीव्ही नावाचा विषाणू, शरीरसंबंधांतून. हाच तो, ज्याच्या शोधासाठी जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाऊझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्याचे दोनशेच्या वर प्रकार, त्यातले चौदाच्या आसपास धोक्याचे, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्क्यांच्या मुळाशी १६ आणि १८ हे दोनच. उत्तर एका ओळीचं, पण ते ऐकल्यावर आमच्या टेबलावर जी शांतता पसरली ती काही एका ओळीची नव्हती. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं. आणि खरं सांगू? माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं, फक्त उलट दिशेने. लग्नाला सहा वर्षं झाली. तो महिन्यातून दोनदा बंगलोरला जातो.

मी पुन्हा नागपूरला फोन लावला, स्पीकरवर. मैत्रिणीने दोघांनाही झापलं. ''विषाणूवर तारीख छापलेली नसते. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो आयुष्यात कधीतरी गाठतो. बाईला, पुरुषालाही. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, कळतही नाही. काहींचा वर्षानुवर्षं गपचूप बसतो. तो कुणाकडून, कधी आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असेल. तुझा असेल, त्याचा असेल. तुम्ही दोघं आता पोलिस होऊ नका.'' नवऱ्याने विचारलं, माझी टेस्ट? तर पुरुषांसाठी तशी सरसकट करायची टेस्टच नाही. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि मग ती मला म्हणाली, ''तुझा सुट्टा चालू आहे का अजून?'' मी गप्प. चहाच्या ब्रेकला दोन, ही काही फार मोठी गोष्ट नाही असं मला वाटायचं. सिगरेट ओढणाऱ्या बाईच्या शरीराला हा विषाणू हुसकावणं जड जातं, असं ती म्हणाली. बॉसपायी ओढलेल्या दोन सिगरेटींचा हिशोब इथे लागतोय म्हटल्यावर मला जाम राग आला. बॉसचाच.

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, ''सॉरी.'' मी म्हटलं, ''मी पण.'' कशासाठी, ते दोघांनीही विचारलं नाही. शुक्रवारपासून पहिल्यांदा झोप लागली ती त्या रात्री.

रविवारी आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण आईला आवाजावरून कळतं. तिने आधी देवाचं नाव घेतलं. मग म्हणाली, ''पिशवी काढून टाक बाई, मोकळी हो.'' आपल्याकडे बाईच्या कुठल्याही तक्रारीवर हे एकच औषध. मी तिला सांगितलं, अगं, पिशवी काढणं हा यावरचा पहिला उपाय नाहीच. आणि कोणी पहिल्याच भेटीत तसं सुचवलं तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं.

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मला माहीत होतं ती कुठे गेली ते. माझी मावशी बार्शीजवळच्या गावात दिलेली. १९९६ मध्ये गेली, चव्वेचाळीस वर्षांची होती. दीड वर्षं अंगावरून जात होतं, संबंधांनंतर रक्त दिसत होतं, पण सांगायचं कुणाला? सासूला? सांगितलं तेव्हा कंबर धरली होती आणि पाय सुजले होते. आईने तिच्या उशाशी वीस दिवस काढले. आमच्या घरात त्या आजाराचं नाव आजही घेत नाहीत, 'तिला ते झालं होतं' एवढंच म्हणतात.

तिच्यानंतर तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच भागात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार बायका. काहींची पॅप, काहींची व्हिनेगरची तपासणी, काहींची एचपीव्ही टेस्ट, आणि काही जणींची तुलनेसाठी काहीच नाही. (या शेवटच्या गटावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) २००९ मध्ये निकाल छापून आला : आयुष्यात एकदा, फक्त एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. सगळं जग आज हा अभ्यास सांगतं. धोक्याची ही टेस्ट तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी करायची असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्यामागे आपल्या ज्वारीच्या शिवारातल्या या बायका आहेत. मावशीचं तीन वर्षांनी चुकलं. भारतात अजूनही दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जातात.

सोमवारी सुट्टी टाकली नाही. ऑफिसात बसून, क्लायंट कॉल म्यूटवर टाकून, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. मैत्रिणीने सांगितलेले आणि माझे. कॉल्पोस्कोपीत ती सीमेची पट्टी पूर्ण दिसली होती का, की काही भाग आत लपलेला? आतल्या नळीतून खरवडून नमुना घेतला का? पॅपचा निकाल आणि बायॉप्सीचा निकाल एकमेकांशी जुळतात का, नसतील तर कुणावर विश्वास ठेवायचा? एचपीव्ही टेस्ट केली तर त्यात १६ आणि १८ वेगळे सांगतात का? थांबलो तर किती दिवस, आणि काढलं तर किती खोल? मला मूल हवंय, त्यावर काय परिणाम? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात खाली लिहिला होता, मग खोडून सगळ्यात वर लिहिला.

आणखी एक काम त्याच दिवशी केलं. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून आणले. मोठ्या हॉस्पिटलात किंवा सेकंड ओपिनियनला गेलात तर नुसता कागद पुरत नाही, त्यांचा पॅथॉलॉजिस्ट मूळ तुकडाच बघू म्हणतो. स्लाइड म्हणजे काचपट्ट्या, ब्लॉक म्हणजे मेणाच्या छोट्या वडीत बसवलेला आपला तुकडा. अर्ज करा, सही करा, मिळतात. आधी 'उद्या या' म्हणतील, हसून तिथेच उभं राहायचं. घरी आणून टेबलावर ठेवले, आणि नवऱ्याने ते कौतुकाने फ्रिजमध्ये ठेवून दिले, कोथिंबिरीच्या शेजारी! उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर न ठेवता घरातल्या कपाटात ठेवले तरी चालतात.

मंगळवारी अकराची वेळ, आत गेलो पावणेएकला. 'कॅन्सरवाले सर' निघाले पन्नाशीचे, चष्म्याला दोरी लावलेले. त्यांनी रिपोर्ट खालून वर वाचला. मला बरं वाटलं.

''तुम्हाला काय माहितीये?'' त्यांनी विचारलं. मी चाळ सांगितली. ते हसले, म्हणाले, ''हे मी वापरणार.'' मग माझा कागद घेतला आणि एकेका प्रश्नापुढे स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. पट्टी पूर्ण दिसली होती. आतला नमुना स्वच्छ होता. स्लाइड त्यांच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टकडे परत बघायला देऊ. तिथेही दोनच म्हणाले तर माझ्यापुढे दोन रस्ते. एक, लीप : तारेच्या बारीक गोल आकड्यात वीज सोडून तेवढा भाग खरवडून काढायचा, जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांचं काम, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. मूल होण्यात सहसा अडचण येत नाही, पण जितकं खोल कापलं तितका बाळ वेळेआधी येण्याचा धोका थोडा वाढतो. दोन, थांबायचं : दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी आणि एचपीव्ही टेस्ट, कमाल दोन वर्षं. मागे फिरलं तर उत्तम. तीन झालं, किंवा दोन वर्षांत गेलं नाही, तर लीप. ''पण थांबायचं म्हणजे दर सहा महिन्यांनी यायचं. मीटिंग आहे, दिवाळी आहे, क्लायंट आहे, हे चालणार नाही. थांबतो म्हणून गेलेल्या आणि परत न आलेल्या बायका मला पाच वर्षांनी भेटतात.'' आणि लीप केलं तरी सुटका नाही, सहा महिन्यांनी टेस्ट, मग काही वर्षं दरवर्षी, आणि पुढे कमी वेळा पण निदान पंचवीस वर्षं तपासणी चालू ठेवायची.

लस घेऊ का, तेही विचारलं. आपल्याच पुण्यातल्या सीरमची लस २०२३ मध्ये बाजारात आली. तर लस झालेला बिघाड बरा करत नाही, अजून न झालेल्या प्रकारांपासून वाचवते. घ्यायला हरकत नाही, पण ती ट्रीटमेंट नव्हे. खरी गरज नणंदेच्या दहा वर्षांच्या लेकीला आहे, म्हणाले. नणंदेला हा विषय कसा काढायचा ते अजून ठरत नाहीये. वन्सं भारी कडक आहेत.

स्लाइडचा दुसरा निकाल पुढच्या आठवड्यात आला. दोनच. आम्ही थांबायचं ठरवलंय. माझ्या फोनमध्ये आणि नवऱ्याच्या फोनमध्ये सहा महिन्यांनंतरची तारीख टाकलीय, 'ऑफिस ऑडिट' या नावाने, म्हणजे कोणी डोकावलं तरी प्रश्न नको. सुट्टा बंद आहे, आज एकोणीस दिवस झाले, आणि सगळे सहकारी मला टाळतायत कारण मी फार चिडते.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, लोणच्याच्या कैऱ्यांचं झालं. ठेवता ठेवता म्हणाली, ''अगं, ती तुझी टेस्ट... माझ्या वयाला करतात का?'' ती एकसष्ट वर्षांची आहे. आजवर एकदाही केलेली नाही. गुरुवारी साडेदहाची वेळ घेतलीय. बाबांना तिने सांगितलंय, डोळे तपासायला जातेय.